कॅमेऱ्याचं दावं

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि मला नवा कॅमेरा पाहिजे होता.

या वयाच्या माणसाला काय पाहिजे असेल हे लोक परस्पर ठरवून टाकतात. कवळी, काठी, गुडघ्याला लावायचं तेल. मला कॅमेरा पाहिजे होता, आणि तोही चैत्रातल्या यात्रेच्या आत. रात्री डोळा लागेना इतका पाहिजे होता.

आमचं गाव कामशेतहून पवनेच्या अंगाला. शाळा मी चौथीत सोडली, त्याचं शाळेलाही फारसं वाटलं नाही आणि मलाही. पण लोणावळ्याच्या वर दरीच्या तोंडाशी जो पॉइंट आहे, तिथं मी अर्धं आयुष्य फोटो काढले. खाली ढग, कडेला लोखंडी कठडा आणि त्याला टेकलेलं नवीन लग्नाचं जोडपं. काढला फोटो की जागच्या जागी छापून हातात. पुढं मोबाइल आले, जो तो आपलाच फोटो आपण काढायला लागला आणि पॉइंटवरची गिऱ्हाइकं गेली. मग मी गावात फिरलो. बारशी, साखरपुडे, सरपंचाचे वाढदिवस. आमच्या गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे, तो मी काढलेला आहे. माणूस जिवंत असताना काढलेला, म्हणून तो हसतोय. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कोणी नाही.

जो कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तो मी बैल विकून घेतला होता. भाताच्या खाचरात टिलर आला, बैल दावणीला नुसते उभे राहायला लागले. चाकणच्या बाजारात जोडी दिली आणि त्याच पैशांत हा कॅमेरा आणला. आमच्याकडं जनावर विकतात, पण त्याचं दावं विकत नाहीत. बैल गिऱ्हाइकाचा, त्याला बांधायची दोरी आपली. दोरी दिली तर गोठ्यातली लक्ष्मीही त्या दोरीला धरून निघून जाते. घेणाराही हे जाणतो आणि येताना स्वतःची दोरी घेऊन येतो. त्या जोडीची दावी अजून माझ्या घरात खुंटीला आहेत. आता गोठा नाही, पण खुंटी आहे.

तर नवा कॅमेरा कशाला? बैलांसाठीच.

आमच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढावर आखलेली लांब धाव असते, तिला आम्ही घाट म्हणतो. पुढं घोडी, मागं बैल, आणि वर निशाण पडलं की भंडारा उधळून माणसं नाचतात. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. त्या परत सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक गाडामालकाला आपल्या बैलांचा फोटो पाहिजे झाला. मागच्या यात्रेत मी दिवसभर उन्हात निशाणाजवळ उभा राहिलो. घरी येऊन बघितलं. फोटोत भंडारा होता, धुरळा होता, हवेत उडालेल्या टोप्या होत्या. बैल नव्हते. बैलांच्या जागी पांढरं काहीतरी ओढल्यासारखं होतं.

आमच्या आळीतल्या गाडामालकानं तो फोटो चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला.

"आबा, ह्यात माजी बैलं कुटं हायत?"

"ही काय."

"ही? ही तर भाताची वाफ हाय!"

टपरी हसली. मी चहा अर्धा ठेवून उठलो आणि उठता उठता बोलून गेलो, "पुढच्या यात्रेला तुज्या बैलाच्या पापणीचा केस न् केस दाखवीन. न्हाई दाखवला तर गळ्यात कॅमेरा घालणार न्हाई."

बोललो ते बोललो. वर्ष कधी सरलं कळलं नाही.

यात्रेला आठवडा राहिला तेव्हा मी लोणावळ्याला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार मला ओळखतो. त्यानं काचेच्या कपाटातून नवा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. एवढासा, हलका. मला आधी वाटलं आत काही नाहीच. दुकानदार म्हणाला, "आबा, दारात उभे राहा आणि रस्त्यावरून जाणारं काहीही टिपा. बटण दाबून धरा."

एक स्कूटर आली. मी बटण दाबून धरलं. कॅमेरा टर्रर्र करून बोलला. मग त्यानं मागच्या पडद्यावर फोटो एकापाठोपाठ एक दाखवले. स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवरचा ओरखडा दिसत होता. मागं बसलेल्या बाईच्या हातातल्या चिक्कीच्या पुड्याची गाठ दिसत होती. चाकाचे आरे वेगवेगळे दिसत होते! मी आणखी एक स्कूटर टिपली, मग एक टेम्पो, मग पळणारं कुत्रं. कुत्र्याचे चारी पाय जमिनीपासून वर होते. मी मोठ्यांदा ओरडलो, "अरं, उडतंय की हे!" दुकानातली माणसं बघायला लागली. बघेनात का.

तिथंच ठरलं. आता यात्रेत पापणीचा केस काय, बैलाच्या नाकावरची माशी दाखवली असती.

अडचण एवढीच, की जुना दिल्याशिवाय नवा येत नव्हता. पोरगा देहूरोडला डेपोत कामाला आहे. तो म्हणाला, "अण्णा, जुना ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. नव्याचा हप्ता मी भरतो." मी म्हणालो, "माज्या गळ्यात तुजा हप्ता? न्हाई जमायचं." मी आजवर हप्त्यानं चहासुद्धा प्यालो नाही. बायको म्हणाली, "इकून टाका. न्हाईतर सोडा नाद." तिचं बरोबर होतं. दोनच वाटा होत्या. पण ज्या कॅमेऱ्याला मी दर दसऱ्याला विळ्याकोयत्याशेजारी मांडून फूल वाहिलं, तो विकायचा म्हणजे हात पुढं होईना. नव्याची आठवण आली की मन परत उड्या मारायचं. दोन दिवस मी असाच घरातून अंगणात आणि अंगणातून घरात.

तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या केला आणि जुना घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं तो उलटापालटा केला, कॉम्प्युटरला जोडला आणि आतापर्यंत त्यानं किती फोटो काढले ते बघायला लागला.

मी म्हणालो, "दात बघतो व्हय रं त्याचं?"

तो हसला. "तसंच समजा आबा. वय झालंय बरं का. पण सांभाळलाय छान. घेतो मी बदल्यात. चार्जर आणलाय?"

"हाय."

"बॅटरी?"

"हाय."

"बेल्ट?"

गळ्यात अडकवायचा तो पट्टा मी घरूनच काढून खिशात ठेवला होता. काळा, घामानं कडेला पांढरा पडलेला. "पट्टा न्हाई मिळायचा," मी म्हणालो.

"हरवला?"

"खिशात हाय. देणार न्हाई."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. "आबा, सगळं सामान पुरं असलं तरच पुढं विकलं जातं. कंपनीचा मूळ बेल्ट नाही म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, चोरीचा आहे का?"

"तुला ठावं हाय ना कुणाचा हाय ते?"

"मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला कसं सांगू? एवढा पट्टा, तुम्हाला नवा घ्यायचा तर तंबाखूच्या पुडीच्या किमतीत येतो. त्याच्यात काय आहे एवढं?"

मी त्याला दाव्याचं सांगितलं. तो शहरातला. ऐकून घेतलं त्यानं, पण तोंडावरून कळत होतं की म्हातारा पट्ट्यापायी अडलाय. म्हणाला, "कॅमेरा म्हणजे बैल आहे का आबा?"

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि बाहेर पडलो. नवा कॅमेरा काचेआडून माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघितलं नाही. मग रस्ता ओलांडल्यावर बघितलं.

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "एका पट्ट्यापायी सौदा मोडला? आन् मग यात्रेत काय करणार? मान खाली घालून जिलबी खाणार?"

"दुसरं गिऱ्हाईक बघीन."

"पट्टा न मागणारं?"

"व्हय. पट्टा न मागणारं."

टपरीवर मी सांगून ठेवलं, कॅमेरा द्यायचाय, पण माणूस बघून देईन. हसले सगळे. गाडामालक म्हणाला, "आबा, जावई शोधताय का गिऱ्हाईक?" मी म्हणालो, "जावयाला एवढं बघितलं नव्हतं." हे खरं आहे.

यात्रेला दोनच दिवस उरले तेव्हा दुपारची एक बाई दारात आली. तिशीची असेल. पवनेच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवरची, बाप तिचा दुसऱ्यांची गुरं हाकून बाजाराला न्यायचा. आता तिनं कामशेतला झेरॉक्सचं छोटं दुकान टाकलं होतं आणि तिथं पासपोर्ट फोटो काढायचं मनात होतं. वाडीवरच्या लोकांना फॉर्मला डकवायच्या फोटोसाठी तळेगावपर्यंत जावं लागतं, तिथं फोटोवाला म्हणतो हसू नका, हलू नका, आणि फोटोत सगळे घाबरल्यासारखे दिसतात. हे तिनंच सांगितलं, पाणी पिता पिता.

"आबा, कॅमेरा बघू का?"

"आदी मी तुला बघतो," मी म्हणालो. "हिचा फोटो काढ."

हिचा म्हणजे बायकोचा. यात खोच होती. आमच्या लग्नापासून आजपर्यंत बायकोचा एकही फोटो डोळे उघडे असलेला नाही. मी बटण दाबायला आणि ती डोळे मिटायला. पॉइंटवर हजारो माणसांचे डोळे मी पकडले, घरातल्या बाईचे नाही. हा माझ्या व्यवसायाला लागलेला डाग आहे आणि ती तो येईल त्या पाहुण्याला दाखवते.

बायको पदर नीट करून ओट्यावर बसली आणि आधीच डोळे ताणून धरले. मी मनात म्हणालो, आता मिटणार. त्या बाईनं कॅमेरा डोळ्याला लावला, पण बटण दाबलं नाही. नुसतंच विचारलं, "मावशी, लग्नात आबांनी तुमाला काय काय कबूल केलं व्हतं?"

"कबूल?" बायको उसळली. "कोल्लापूरला नेतो म्हणलं व्हतं! अंबाबाईला! आजून न्हाई नेलं. लोनावळ्याच्या पुढं..."

खट्.

पडद्यावर माझी बायको. डोळे टक्क उघडे, भुवया वर, एक बोट माझ्या दिशेनं. एवढी रागावलेली आणि एवढी सुंदर ती मी कुठल्याच फोटोत बघितली नव्हती. बायकोनं वाकून बघितलं, मग आणखी वाकून बघितलं.

"बगा," ती मला म्हणाली. "डोळं हायत मला."

खरं सांगायचं तर मला झोंबलं. माझाच कॅमेरा, माझीच बायको, माझाच ओटा. तरी मला उठून त्या पोरीची पाठ थोपटावीशी वाटत होती आणि थोपटायची नव्हती. मी खाकरलो आणि म्हणालो, "ठीक हाय. हात हलला न्हाई."

"आबा, किंमत सांगा."

"अशी न्हाई सांगत." मी खांद्यावरचा टॉवेल काढला. बाजारात जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायची आणि बोटांनी बोलायचं, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. मला वाटलं, बाप गुरं हाकायचा, पण ही झेरॉक्सवाली, हिला कुठलं येतंय. ती गोंधळेल आणि मग मी जरा वरचढ होईन. तेवढंच समाधान.

तिनं पदर खोचला, समोर बसली आणि टॉवेलखाली हात घातला. मी बोटं धरली. ती थांबली. मग तिनं माझं एक बोट सोडून दिलं आणि बाकीची घट्ट दाबली. बापाच्या कडेवर बसून शिकलेली पोरगी! मी ते बोट परत दिलं. तिनं अर्धं परत केलं. बायको बाजूला बसून विचारत होती, "काय ठरलं? आवो, काय ठरलं?" आमची बोटं चालूच. तिच्या डोळ्यांत हसू होतं आणि माझ्या मानेला घाम. शेवटी तिनं हात दाबून हलवला, मीही हलवला. झालं. बोटं काय बोलली ते मी बायकोलाही सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. नव्याला पुरेल एवढं होतं, एवढं ऐका.

पण सौदा अजून पुरा नव्हता. पट्ट्याचं राहिलं होतं. खिशात हात घालून मी तो पट्टा धरून बसलो होतो. हिनंही मागितला तर? दुकानदारासमोरून मी उठून जाऊ शकलो, हिच्यासमोरून कुठं उठू, घर माझंच. आणि नाही म्हणालो तर यात्रा गेली. मी म्हणून टाकलं, "एक बोलतो. पट्टा मी देणार न्हाई."

ती म्हणाली, "कुनी मागितला तुमचा पट्टा?"

"न्हाई, दुकानदार म्हणला..."

"आबा, दावं कोन देतं का?" तिनं पिशवी उघडली आणि आतून एक पट्टा काढला. जुन्या सॅकचा कापून, दोन्ही टोकांना दुहेरी शिवण मारून, कडेला लाल धागा घातलेला. "म्या माजं दावं आनलंय."

मी तो पट्टा हातात घेतला आणि दोन्हीकडून जोरात ओढून बघितला, दोरी बघतात तसा. शिवण हलली नाही. मग मीच तो कॅमेऱ्याच्या कडीत ओवला. कडी बारीक, पट्टा जाड, एका फटक्यात जाईना. ती म्हणाली, "मी लावू?" मी म्हणालो, "गप बस. बांदून देनं माजं काम हाय."

बायको आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी ओरडलो, "भिंगावर लावशील तर बग!" तिनं मागच्या कोपऱ्यात बोटभर लावलं, जिथं माझा अंगठा बसायचा तिथंच. मग त्या बाईच्या कपाळाला लावलं. बाई वाकून पाया पडली, कॅमेरा गळ्यात घातला आणि निघाली. अंगणाच्या टोकाला जाऊन वळली.

"आबा, यात्रेला येनार. निशानाजवळ उभी ऱ्हानार हाय मी. जागा ठेवा."

"माज्या फुडं उभी ऱ्हाऊ नको म्हंजे झालं!"

मला वाटलं होतं ती गेल्यावर वाईट वाटेल. बसून वाट बघितली. नाही वाटलं. उलट घरात बसवेना. संध्याकाळी मी घाटावर गेलो. तिथं पोरं दगड वेचत होती, पाणी मारून धाव बसवत होती. निशाणाच्या जागी उभं राहून मी रिकाम्या हातांनी डोळ्यासमोर चौकट धरली आणि खालून गाडा येतोय असं धरून हळूहळू फिरवली. ऊन कुठून येईल, धुरळा कुठं जाईल, घोडी आडवी आली तर किती बाजूला सरायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. गाडामालक बैल फिरवून आणत होता. तो थांबून बघत राहिला.

"आबा, कॅमेरा कुटं गेला?"

"इकला."

"आन् माज्या बैलाच्या पापण्या?"

"बैलाला सांग, डोळं मिटू नको."

तो हसला. पण बैलाच्या तोंडावरून हात फिरवताना त्यानं बैलाच्या डोळ्याकडं बघितलं, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या लोकलनं लोणावळ्याला गेलो. बायकोनं डबा दिला होता, तो गाडीतच उघडून संपवला, कारण नंतर हात मोकळे नसणार होते. दुकान उघडायला वेळ होता. मी पायरीवर बसलो. पट्टा खिशातून काढला, एकदा झटकला आणि गळ्यात घातला. दोन्ही टोकं पोटावर मोकळी लोंबत होती. समोरचा चिक्कीवाला फळ्या काढत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आबा, नुसताच पट्टा? कॅमेरा कुटं हाय?"

मी मागच्या शटरवर हात आपटला. "आत हाय. निजलाय अजून. उठू दे."